अकरा नंबरचं कपाट

आमच्या वाचनालयात निर्लेखनाची बैठक चार-पाच वर्षांतून एकदा होते. निर्लेखन हा शब्द सभासदांच्या कानावर सहसा पडत नाही, आणि पडत नाही तेच बरं. वाळवी लागलेली, पानं गळालेली, वर्षानुवर्षं कुणी मागितली नाहीत अशी पुस्तकं नोंदवहीत लाल शाईनं कमी करायची आणि किलोच्या भावानं रद्दीवाल्याला द्यायची, एवढाच तो सोपस्कार. या खेपेला यादीत सुटी पुस्तकं नव्हती. अख्खं कपाटच होतं. अकरा नंबरचं, रहस्यकथा-भयकथांचं.

इंदूरच्या कुठल्या वाचनालयाची ही गोष्ट ते सांगत नाही. भांडण घरातलं आहे आणि समितीवरची माणसं सज्जन आहेत. मीही त्यांच्यातलाच एक.

अकरा नंबरमध्ये बाबुराव अर्नाळकर आहेत, नारायण धारप आहेत, सुहास शिरवळकर, गुरुनाथ नाईक, चंद्रकांत काकोडकर आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचे काही संग्रह. मतकरींची नाटकं सात नंबरात, मानाच्या जागी. गूढकथा मात्र कुणीतरी इथं आणून टाकल्या. सख्ख्या दोन भावांपैकी एक ‘अ’ तुकडीत आणि दुसरा ‘ड’ तुकडीत, तसला प्रकार. मी समितीवर आल्यापासून ते संग्रह सातमध्ये हलवायचं म्हणतोय. अजून हललेले नाहीत.

बैठकीत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “नव्या पुस्तकांना जागा नाही. आणि अहो, ही पुस्तकं आता वाचतं कोण? वाचलीच, तर त्यात आहे काय?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकांनाच चिकटवलेलं होतं. देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी भरली की आमच्याकडे तिच्यावर दुसरी डकवतात. धारपांच्या एका कादंबरीवर अशा पाच चिठ्ठ्या एकावर एक निघाल्या, भिंतीवरच्या रंगाच्या पापुद्र्यांसारख्या. तीन नंबरच्या कपाटात एक मोठं, मानमान्यता पावलेलं पुस्तक आहे. त्याची चिठ्ठी पहिलीच, तीवर शिक्के दोन, आणि त्यातला एक माझा. नावाजलेल्या पुस्तकाला हसण्यासाठी हे सांगत नाही. ते पुस्तक मला आवडलं होतं. पण ‘कोण वाचतं’ हा निकष लावायचा, तर रद्दीत आधी तीन नंबर जाईल.

दुसरा प्रश्न खरा आहे: त्यात आहे काय? त्याचं उत्तर द्यायला मी दोन दुपारी त्या कपाटासमोर स्टूल टाकून बसलो, आणि मला लेखकांपेक्षा वाचकच जास्त भेटले.

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘पुस्तकावर लिहू नये’ असा जांभळा शिक्का आहे. तो कुणीही मानलेला नाही. एका रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर शिसपेन्सिलीनं लिहिलंय: “खुनी पहिल्या चाळीस पानांत भेटलाच नाही. ही वाचकाची फसवणूक.” खाली दुसऱ्या हातानं: “बरोबर.” धारपांच्या एका पुस्तकात, जिथं समर्थ, म्हणजे अमानवी संकटांशी झुंजणारा त्यांचा नायक, येतात तिथं समासात: “समर्थ फार लवकर आले. आणखी वीस पानं थांबायला हवे होते.” त्याखाली वेगळ्याच अक्षरात, “थांबले असते तर मीच आटोपलो असतो.” एका मालिकेतल्या पुस्तकात: “मागच्या भागात याच्या डाव्या खांद्याला गोळी लागली होती. इथे डाव्या हातानेच दोर चढतो!” आणखी एकात नुसतं, “पान ४६ला कळलं,” आणि तारीख.

पहिली नोंद पुन्हा वाचा. गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच भेटला पाहिजे, हा रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं १९२९ साली घालून दिलेल्या रहस्यकथेच्या दहा नियमांपैकी पहिला नियम. आमच्या त्या सभासदानं नॉक्स वाचला असेल असं मला वाटत नाही. पन्नास-शंभर पुस्तकं वाचून, फसून, चिडून तो स्वतःच्या पायांनी त्या नियमापाशी पोचला. यालाच समीक्षा म्हणतात. प्रस्तावना नाही, मानधन नाही, लेखकाशी ओळख नाही. पुस्तकानं काय कबूल केलं होतं आणि काय दिलं, याचा रोखठोक हिशेब.

माझं म्हणणं एवढंच आहे. रहस्यकथा, भयकथा, मालिका वाचणारा माणूस हा मराठीतला सगळ्यात कडक वाचक आहे, आणि त्याच्या मताला आपण कधी मत मानलं नाही. म्हणून ती पुस्तकं आपल्याला रद्दी वाटतात. पुस्तकाच्या दर्जाबद्दल आपण ज्यांना विचारतो त्यांनी ती वाचलेली नसतात, आणि ज्यांनी वाचलेली असतात त्यांना आपण विचारत नाही.

हा वाद काही आजचा नाही. कादंबरीला ‘नावल’ म्हणत त्या काळात, १८७२ साली, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहिला, आणि कादंबरी कशी असावी याची झडती तेव्हापासून सुरू आहे. त्याच्या आगेमागे मराठी वाचक काय वाचत होता? लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. भुयारं, वेषांतरं, योगायोग, अद्भुत. म्हणजे मराठी कादंबरीचं बालपण ज्या अंगणात गेलं, ते अंगण अकरा नंबरच्या कपाटाचंच आहे. पुढे हरिभाऊ आपट्यांनी तिला घरात आणलं, चांगलं वळण लावलं, ते योग्यच झालं. पण मोठी झालेली मुलगी अंगणाचं नाव टाकते, तसं आपण केलं.

हिंदीतलं उदाहरण आम्हा इंदूरकरांना जवळचं. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ ही अद्भुताची कादंबरी वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले, ही आख्यायिका इथल्या शाळेत प्रत्येकानं ऐकलेली असते. आचार्य रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कुणी केले नाहीत, अशा अर्थाची कबुली दिली आहे. मात्र त्याच दमात, हे साहित्याच्या कोटीत बसत नाही, असंही म्हटलं. रहस्यकथेच्या बाजूनं बोलणारे लोकही हाच युक्तिवाद उचलतात: वाचू द्या हो, निदान वाचतात तरी, ही पायरी आहे, पुढे चांगलं वाचायला लागतील.

मला हा पायरीचा युक्तिवाद विरोधकांच्या तिटकाऱ्याइतकाच खटकतो. माझी आत्या रामबागेत राहायची, शाळेत गणित शिकवायची. अर्नाळकरांचे धनंजय आणि छोटू तिनं तिशीत वाचले आणि सत्तरीतही वाचले. मधल्या काळात तिनं कविता वाचली, ज्ञानेश्वरीची पारायणं केली, इरावती कर्वे वाचल्या. कुठली पायरी चढून ती कुठं गेली? ती कुठंच गेली नाही. तिच्या घरात दोन्ही खोल्या होत्या आणि दोन्हींत दिवा होता. एखाद्याला दुपारी कोडं सोडवायचं असतं आणि संध्याकाळी भजन म्हणायचं असतं. कोडं ही भजनाची पायरी आहे असं कुणी म्हणत नाही.

“पण सगळं तेच ते असतं.” बैठकीत हाही मुद्दा आला, आणि तो मांडणारे गृहस्थ गाण्याचे दर्दी आहेत म्हणून मला जास्तच गंमत वाटली. हे शहर उस्ताद अमीर खाँसाहेबांचं. त्यांच्या नावानं इंदूर घराणं ओळखलं जातं. मारवा गायला बसले तर तो मारवाच असायचा. ऐकणाऱ्याला स्वर आधीच ठाऊक, चलन ठाऊक. तरी अतिविलंबित लयीत ते एकेका स्वरापाशी कसे पोचतात, किती थांबतात, कुठं सोडून देतात, यासाठी लोक जीव टाकून बसत. कीर्तनातही आख्यान सगळ्यांना पाठ असतं. बुवा ते रंगवतात कसं, हे बघायला लोक येतात. ठरीव चौकटीत नवं काय केलं, ही दाद देण्याची रीत आपल्या रक्तात आहे. रहस्यकथेचा वाचक नेमकं तेच करतो. खून होणार हे त्याला माहीत आहे. गुन्हेगार सापडणार हेही माहीत आहे. “समर्थ फार लवकर आले,” ही तक्रार म्हणजे गायक समेवर घाईनं आला अशी तक्रार आहे. ती करायला कान लागतो.

आणि मालिका असेल तर कान आणखी तयार होतो. एकच माणूस पन्नास पुस्तकांत भेटतो तेव्हा वाचकाला त्याचा स्वभाव लेखकाइतकाच, कधी लेखकापेक्षा जास्त, कळायला लागतो. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. आपण काय लिहून ठेवलंय हे प्रत्येक वेळी त्यांच्या तरी लक्षात राहिलं असेल का? वाचकाच्या राहतं. डाव्या खांद्याची गोळी तोच लक्षात ठेवतो. शिरवळकरांचा अमर विश्वास कोर्टात कसा बोलेल आणि कसा बोलणार नाही, हे ठामपणे सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. “हे वाक्य अमरचं नाही,” असं एकानं एका समासात लिहिलंय. पात्राच्या तोंडी न शोभणारं वाक्य पकडणं याहून बारीक वाचन कोणतं असतं, मला ठाऊक नाही.

आता इंदूरच्या वाचकाचं एक वेगळेपण. पुण्या-मुंबईच्या वाचकासमोर एक मांडव असतो, आमच्यासमोर दोन. माझ्या तरुणपणी घरात अकरा नंबरची पुस्तकं यायची आणि स्टेशनवरच्या स्टॉलवरून हिंदी रहस्यकथाकार सुरेंद्र मोहन पाठक. वेद प्रकाश शर्मांचं ‘वर्दी वाला गुंडा’ नव्वदच्या दशकात आलं तेव्हा आमच्या ऑफिसात ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाइलीसारखं फिरलं. फाइली इतक्या वेगानं कधी फिरल्याचं आठवत नाही. दोन्हीकडचं वाचल्यामुळे आमच्याकडच्या गप्पांत तुलना आपोआप व्हायची. पाठकांचा विमल गुन्हेगार असून मनाला लागतो, मग आपला अमुक इतका कोरडा का? उलट धारपांसारखी भीती हिंदीत का नाही भेटत? चहाच्या टपरीवर, पोह्यांच्या बशीवर हे तौलनिक साहित्य चालायचं. शब्द एवढा मोठा आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

पाठकांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कादंबरीच्या सुरुवातीला ते ‘लेखकीय’ लिहितात, आणि त्यात आधीच्या पुस्तकावर आलेल्या वाचकांच्या पत्रांचा परामर्श घेतात. कौतुकाचा घेतात तसा शिव्यांचाही. कुणाला शेवट पटला नाही, कुणी चूक काढली, हे नावानिशी छापतात आणि उत्तर देतात. १९६३पासून कादंबऱ्या लिहिणारा, शेकड्यांनी पुस्तकं नावावर असणारा माणूस प्रत्येक वेळी वाचकासमोर विद्यार्थ्यासारखी वही उघडून उभा राहतो. आडनावच पाठक, म्हणजे वाचक. मराठीत आम्ही तो संवाद जांभळ्या शिक्क्याखाली दाबून टाकला.

भाषेचा मुद्दाही आहेच, आणि तो महाराष्ट्रात बसून नीट दिसत नाही. बडोद्याच्या मराठी मुलाला मराठी वाचायची तर गुजरातीहून वेगळी लिपी गाठावी लागते. आमच्या मुलांचं तसं नाही. हिंदीमुळे देवनागरी आयती येते, म्हणून आईबापांना वाटतं, मराठी येतेच की. ती येत नाही. माझा भाचा चौदा वर्षांचा, इंग्रजी शाळेतला. अर्नाळकरांच्या ‘काळापहाड’ या नायकाचं नाव तो ‘कालापहाड’ वाचायचा. त्यानं सुट्टीत एक रहस्यकथा हातात घेतली आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे वाद घालायला आला.

“मामा, पिस्तूल तर खाली होतं ना? मग गोळी चालली कशी?”

पुस्तकात प्रेताजवळ खुर्ची उलटली होती आणि पिस्तूल खाली होतं. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. या एका शब्दावर पोरानं चाळीस पानं भलत्याच माणसावर संशय घेतला होता, आणि त्याचा तर्क त्याच्या जागी अगदी बिनतोड होता. मी खुलासा केला तेव्हा तो आधी हिरमुसला आणि मग सगळं पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागला. ‘खाली’, ‘चेष्टा’, ‘शिक्षा’, ‘राजीनामा’, असे दोन भाषांत दोन तोंडं असलेले शब्द मी त्याला कित्येकदा समजावले होते. डोक्यात शिरले ते त्या पिस्तुलामुळे. खून कुणी केला हे कळण्यासाठी ज्याला शब्दाचा नेमका अर्थ लागतो, तो शब्द विसरत नाही. धड्याखालचे शब्दार्थ परीक्षेपुरते असतात.

इथं कुणी म्हणेल, हा पुन्हा पायरीचाच युक्तिवाद झाला. थोडा झाला, कबूल. पण भाचा पुढे काय वाचेल याची मला चिंता नाही. तो त्या पुस्तकाशी भांडला, ते पुरेसं आहे.

या पुस्तकांचे दोष झाकायचे नाहीत, कारण ते दोषही आधी वाचकांनीच दाखवले. नक्कल हा पहिला. धारपांच्या ‘लुचाई’चं स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’शी असलेलं नातं आता उघड गुपित आहे. परक्या कथानकाला आपल्या वाड्याचा, पडवीचा, देवघराचा वास देणं ही कला आहे आणि धारपांना ती साधली होती. पण मूळ लेखकाचं ऋण छापून मान्य करायला हवं होतं, यात मला शंका नाही. हे माझ्याशी पहिल्यांदा बोललं कोण? प्राध्यापक नव्हे. सियागंजात दुकान असलेले एक सभासद, त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला होता आणि हॉस्टेलवरून किंगचं पुस्तक घेऊन आला होता. बापलेकांनी दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवून वाचली आणि दोन रविवार भांडले. प्राध्यापकांना हे कळलं नाही, कारण किंगही त्यांच्या लेखी अकरा नंबरचाच.

दुसरा दोष बायकांचा. म्हणजे त्या पुस्तकांत बायका ज्या तऱ्हेनं येतात त्याचा. एक किंचाळते, एक विष कालवते, तिसरी शेवटच्या पानावर नायकाकडे बघून हसते. यावर माझ्या आत्याची एक नोंद आहे. अक्षर तिचंच, गणिताच्या बाईंचं, आकडे सुबक: “ह्या बाईने १२४ पानांत एकदाही स्वतः दार उघडले नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी उघडून देते.” एका वाक्यात तिनं अख्खा साचा उघडा पाडला, तोही मोजून. स्त्रीवादी समीक्षा हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. पुढचं पुस्तक तिनं तरीही आणलं, हे सांगायला हवं. त्या पुस्तकावर तिची नोंद नाही. दार कुणी उघडलं कोण जाणे.

‘हलकी’ हा शब्द बैठकीत वारंवार आला. काकोडकरांबद्दल तर त्याहून वाईट. मला तेव्हा त्यांच्यावरचा खटला आठवला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आलेल्या त्यांच्या गोष्टीवर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९मध्ये ते निर्दोष ठरले. गोष्ट साहित्य म्हणून फार उंचीची नाही, पण तेवढ्यानं ती अश्लील ठरत नाही, असा न्यायालयाचा सूर होता. मला त्यातला विवेक आवडतो. सुमार असणं वेगळं, घातक असणं वेगळं. दिल्लीच्या न्यायमूर्तींनी केलेला हा फरक आमच्या समितीला करता येत नाही. इथं कमी उंचीचं म्हणजे टाकाऊ.

बरं, प्रतिष्ठा मिळते तेव्हा ती कशी मिळते तेही बघा. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावानं पाठवली, नाव घेतलं नारायण विनायक जगताप, स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. दुर्गाबाई भागवतांनी कऱ्हाडच्या संमेलनात त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. २०२१मध्ये नाशिकच्या संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. विज्ञानकथेला असा रीतसर दरवाजा उघडला. रहस्यकथा किंवा भयकथा हेच ज्याचं घर होतं, असा लेखक त्या खुर्चीवर बसलेला नाही. इंदूरला संमेलन तीनदा झालं, शेवटचं २००१मध्ये. मांडवातल्या ग्रंथविक्रीच्या गाळ्यांवर रहस्यकथा होत्या. परिसंवादात त्यांचं नाव मी तरी ऐकलं नाही. विज्ञानकथेला विज्ञानाचा ओळखीचा जामीन होता. खुनाला जामीन कोण राहणार?

भीतीचा जामीन मात्र अलीकडे सिनेमानं दिला. ‘तुंबाड’ २०१८मध्ये आला, धारपांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेला. २०२४मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. त्यानंतर आमच्याकडे दोन मुलं आली, दोघंही हिंदी घरातली. एकानं काउंटरवर विचारलं, “भिया, वो धारप वाली किताब मिलेगी?” मराठी वाचनालयात मराठी पुस्तक मागायला हिंदी मुलं आली, हे गेल्या दहा वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं. ग्रंथपालबाईंनी त्यांना अकरा नंबर दाखवलं. त्याच आठवड्यात ते कपाट निर्लेखनाच्या यादीत होतं.

मग करायचं काय? महाराष्ट्रातल्या वाचनालयांना १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं. तो कायदा आमच्यापर्यंत येत नाही. आमचा गाडा वर्गणी आणि देणग्यांवर चालतो, जागा खरोखरच अपुरी आहे, छत गळतं. म्हणून सगळं ठेवा असं मी म्हणत नाही. धारपांची, शिरवळकरांची पुस्तकं नव्या आवृत्त्यांत मिळतात. फाटकी प्रत जाऊन नवी आली तर मला आनंदच आहे. पण अर्नाळकरांची, नाईकांची कितीतरी पुस्तकं पुन्हा छापली जाणार नाहीत. हलक्या कागदावर, खिशात मावतील अशी छापलेली ती पुस्तकं टिकण्यासाठी नव्हतीच. वाचून फाटण्यासाठी होती, आणि मोठ्या ग्रंथालयांनी ती कधी जपून ठेवली नाहीत. त्यामुळे आमच्यासारख्या आडगल्लीतल्या कपाटात उरलेली प्रत ही कदाचित शेवटच्या काही प्रतींपैकी असेल. आणि तीवरची पेन्सिल तर एकमेव आहेच.

मी समितीला दोन गोष्टी सुचवल्या. कोणतं पुस्तक जाणार याची यादी आधी देवघेवीच्या काउंटरवर महिनाभर लावा आणि सभासदांना बोलू द्या. आणि तिथंच एक वही ठेवा, दोरीला पेन्सिल बांधून, ज्याला जे म्हणायचंय ते त्यात लिहील. खुनी कोण हे लिहिलं तर दंड. दंडाच्या मुद्द्यावर सगळे हसले. पहिल्या मुद्द्यावर गप्प झाले. मला कारण समजलं. यादी लावली की लोक भांडायला येतील, आणि भांडायला येणारा सभासद कुठल्याच समितीला नको असतो. वर्गणी भरणारा आणि शांत बसणारा हवा असतो. पण जिथं वाचक पुस्तकासाठी भांडत नाही, त्या जागेला वाचनालय म्हणायचं कशाला? गोदाम म्हणा.

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. तोवर कपाट जिन्याखाली हलवलंय, कुलूप नाही.

हलवताना एक पॉकेट बुक हातात आलं, त्याची शेवटची आठ पानं गायब. उरलेल्या शेवटच्या पानाखाली लिहिलेलं: “शेवट कोणाकडे आहे?” तारीख १९८४ची. चिठ्ठीवरचे जुने सभासद क्रमांक घेऊन ग्रंथपालबाईंनी नोंदवही उघडली. बहुतेक माणसं आता नाहीत. एक होते, मुलीकडे भोपाळला, वय शहाऐंशी. मी सहज फोन लावला, पुस्तकाचं नाव सांगितलं. मला वाटलं, त्यांना आठवणार नाही.

“दिवाणजी,” ते म्हणाले. “खून दिवाणजीनं केला. पण ऐक, ते चुकलंच आहे. किल्ली त्याच्याकडे असूच शकत नाही. सातव्या प्रकरणात ती विहिरीत पडली होती, मी तेव्हाच म्हणालो होतो...”

मागून त्यांच्या मुलीचा आवाज येत होता, बाबा, गोळ्या घ्यायच्यात. ते तिला थांब म्हणाले आणि मला विहिरीचा नकाशा सांगू लागले.